गाठीच्या पलीकडची लढाई : परळच्या टाटा रुग्णालयाची वाटचाल

हिंगोली जिल्ह्यातले कयाधूकाठचे नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मस्थान. महाराष्ट्राइतकेच पंजाबलाही ते ओळखीचे आहे. पंजाबातल्या घुमानच्या वाटेने येणारे शीख यात्रेकरू येथे आजही माथा टेकतात. या गावापासून मुंबईतील परळ पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही घरातल्या कर्त्या माणसाच्या घशाखाली घास उतरेना, खाल्लेले उलटून पडू लागले, वजन झपाट्याने उतरले आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठरात गाठ निघाली, की हिंगोली, नांदेड, संभाजीनगर अशी ठाणी करत घरची माणसे अखेर ठरवतात : टाटाला नेऊ. हा भरवसा एका दिवसात तयार झालेला नाही. त्यामागे ८० हून अधिक वर्षांची वाटचाल आहे.

या वाटचालीचे अनेक पदर आहेत. येथे त्यातला एक पदर धरून पुढे जायचे आहे. गाठ काढून टाकणे हा कर्करोगाच्या उपचाराचा डोळ्यांना दिसणारा भाग. काढल्यानंतर रोग पुन्हा पसरू न देणे हा न दिसणारा. जठराच्या कर्करोगात तर हा दुसरा भागच रुग्णाचे भवितव्य ठरवतो. शस्त्रक्रियेनंतर पोटाच्या पोकळीत तापवलेले औषध फिरवण्याची जी पद्धत आज ‘हायपेक’ किंवा सोप्या भाषेत ‘गरम केमो’ म्हणून ओळखली जाते, ती या लढाईतली अलीकडची फळी. परंतु तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आधीच्या फळ्या बांधाव्या लागल्या, आणि त्या बांधण्यातच या संस्थेचा बराच काळ गेला.

आरंभ एका मृत्यूपासून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. वर्षही पुरते उलटले नव्हते, तोच ३ जून १९३२ रोजी दोराबजींनीही जर्मनीत अखेरचा श्वास घेतला. तत्पूर्वी आपली जवळजवळ सारी संपत्ती त्यांनी विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली होती. त्या संपत्तीत मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा जुबिली हिराही होता. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर १९२४ साली आर्थिक अरिष्ट आले, तेव्हा कामगारांचे पगार भागावेत म्हणून दोराबजींनी इतर खासगी मालमत्तेबरोबर तोही गहाण टाकला होता. अरिष्ट टळले, हिरा सुटला, आणि दोराबजींच्या पश्चात तो विकून आलेली रक्कम विश्वस्त निधीत जमा झाली. गिरणगावात, परळच्या भूमीवर, कर्करोगासाठीच वाहिलेले रुग्णालय उभारण्याचा संकल्प या निधीच्या विश्वस्तांनी तडीस नेला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर रॉजर लुम्ले यांच्या हस्ते टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. तेव्हा खाटा होत्या ८०.

त्या काळी कॅन्सर म्हटले की घरात बोलणे बंद होई. रोगाचे नावही रुग्णासमोर उच्चारले जात नसे. रुग्णालयात येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा रोग हाताबाहेर गेलेला असे, आणि वैद्यकाच्या हातात शस्त्रक्रिया व रेडियम यांपलीकडे फारसे काही नव्हते. अशा वेळी संस्थेच्या पायाभरणीला दोन माणसे लाभली. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. शस्त्रक्रियेतून निघालेला प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, गाठीच्या कडेला रोग उरला आहे का ते तपासायचे, आणि जे दिसले ते लिहून ठेवायचे, ही शिस्त त्यांच्यापासूनची. दुसरे मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस. रुग्णालयासमोरचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९६९ साली निधन होईपर्यंत त्यांनी गोरगरीब रुग्णांची सेवा केली. त्यांच्या कौशल्याइतक्याच त्यांच्या मायेच्या आठवणी परळमध्ये पुढच्या पिढ्यांनी सांगितल्या आहेत.

संशोधनाची वेगळी चूल मांडली गेली ती १९५२ साली, खानोलकरांच्याच नेतृत्वाखाली. हेच केंद्र पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाले. रुग्णांची रीघ वाढत होती, किरणोपचारांची साधने महाग होत चालली होती, आणि हा भार कायमचा पेलणे एका धर्मादाय निधीला शक्य होणारे नव्हते. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालय आपल्याकडे घेतले. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, ते अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कसे, असा प्रश्न आजही अनेकांना पडतो. त्यामागे डॉ. होमी भाभा यांची दूरदृष्टी होती. किरणोत्सर्गाचा उपयोग माणूस वाचवण्यासाठी करायचा, तर भौतिकशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकाच छपराखाली हवेत, हे त्यांनी ओळखले. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल सेंटर आकाराला आले. आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकातल्या ओढाताणीत ही संस्था अडकली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

इमारती वाढल्या, होमी भाभा ब्लॉक, गोल्डन ज्युबिली ब्लॉक अशी नावे परळमध्ये रुळली. तरी रुग्णांची गर्दी इमारतींच्या नेहमीच पुढे राहिली. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ येथून आलेली कुटुंबे तपासण्यांच्या तारखांमधले दिवस पदपथावर आणि हिंदमाता परिसरातल्या पुलाखाली काढत. आजही काहींना ते काढावे लागतात. ही उणीव संस्था एकटी भरून काढू शकली नाही, आणि तसा दावाही तिने केला नाही. ती जमेल तशी समाजाने भरली. १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. १९६८ साली परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचे काम सुरू झाले आणि बाहेरगावच्या रुग्णांना हक्काची खोली मिळू लागली. १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आली. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा तर खेड्यातल्या माणसाला परक्या शहरात आपली वाटते; तिथे अंगणात एकमेकांचे रिपोर्ट वाचून दाखवणारी माणसे भेटतात. आणि ज्यांच्यावर उपचार संपले, त्यांच्यासाठी टाटातलेच शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उभारले. अखेरच्या दिवसांच्या शुश्रूषेसाठीचे ते देशातले पहिले स्थान.

रोगाशी लढायचे तर तो किती आणि कुठे आहे हे आधी मोजले पाहिजे, ही जाण मुंबईत लवकर आली. १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदवही सुरू झाली. शहरातली नोंद ठेवणे तुलनेने सोपे. खेड्यात माणूस दवाखान्यातच येत नाही, तर नोंद कशाची ठेवणार? याचे उत्तर बार्शीने दिले. टाटा सेंटरच्या साहाय्याने बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभे राहिले होते. तेथून १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांची नोंदवही सुरू झाली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदवही. कार्यकर्ते रुग्णालयात रुग्णाची वाट पाहत बसले नाहीत. ते गावोगाव गेले, गावकऱ्यांना रोगाची लक्षणे समजावून सांगितली, आणि कोणाच्या घरात काय दुखणे आहे याची माहिती काढत राहिले.

या नोंदवहीच्या पायावर मराठवाड्यातील सर्वांत मोठे काम उभे राहिले. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडून, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. टाटा सेंटर, बार्शीचे डॉ. भगवान नेने व त्यांचे सहकारी आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीदेखील या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जगभरच्या तपासणी कार्यक्रमांनी त्याची दखल घेतली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली व्हिनेगर लावून डोळ्यांनी केलेल्या साध्या तपासणीचा अभ्यास सुमारे दीड लाख स्त्रियांवर झाला. त्यात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. शिकलेल्या जगाला ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा वस्त्यांतल्या आणि वाड्यांतल्या बायकांनी हे ज्ञान जगाला दिले आहे.

दरम्यान परळच्या वॉर्डांतही काम पुढे सरकत होते. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण येथे केले. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाच्या उपचाराला भारतात नवे वळण दिले. मेहेरबाई ज्या रोगाने गेल्या, त्याच रोगाच्या कुळातल्या आजारावरचे हे यश होते. पुढे २००२ मध्ये खारघरला ॲक्ट्रेक हे प्रगत संशोधन केंद्र कार्यान्वित झाले.

जठराच्या कर्करोगाची गोष्ट मात्र वेगळी आणि अवघड होती. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी एका स्त्रीच्या जठराचा रोगट भाग यशस्वीपणे काढला. अशा प्रकारची ती जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. रुग्ण बरी होऊन चालू-फिरू लागली, आणि सुमारे चार महिन्यांत दगावली. टाके सुटले नव्हते, जखम चिघळली नव्हती. रोग पोटात पसरला होता. पुढची शंभर वर्षे जगातले शल्यविशारद याच एका प्रश्नाशी झुंजत राहिले.

जठराचा कर्करोग तीन वाटांनी पसरतो. रक्तातून यकृताकडे, लसिकावाहिन्यांतून जवळच्या ग्रंथींकडे, आणि जठराची भिंत आतून पोखरत बाहेर आला की थेट पोटाच्या पोकळीत. दुसरी वाट अडवण्याचे तंत्र जपानी शल्यविशारदांनी विकसित केले. जठराबरोबर त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांभोवतीच्या लसिका ग्रंथीही सोलून काढायच्या. या शस्त्रक्रियेला ‘डी-टू’ म्हणतात. युरोपात ती सहज रुजली नाही. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत डी-टू झालेल्यांपैकी १० टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच दगावले, तर मर्यादित शस्त्रक्रियेत ४ टक्के. एवढी किंमत मोजून काय मिळवायचे, असा सूर उमटला. त्याच रुग्णांचा १५ वर्षे माग ठेवल्यावर चित्र पालटले. जठराच्या कर्करोगाने झालेले मृत्यू डी-टू गटात ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४८ टक्के. म्हणजे शस्त्रक्रिया बरोबर होती. ती करणारा हात सरावलेला असणे मात्र अटळ होते.

परळने हा सराव कमावला. डॉ. शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी टाटातील डी-टू शस्त्रक्रियांचा लेखाजोखा २००६ साली ‘डायजेस्टिव्ह सर्जरी’ या नियतकालिकात मांडला. मृत्यूचे प्रमाण डच चाचणीपेक्षा कितीतरी कमी होते, आणि भारतातील आकडे यापुढे आंतरराष्ट्रीय चाचण्यांत धरता येतील असा दावा लेखाच्या शीर्षकातच होता. शस्त्रक्रियेच्या लेखाला असे ठणकावणारे शीर्षक सहसा देत नाहीत. परंतु भारतात चांगली शस्त्रक्रिया होत नाही, हा पाश्चात्त्य समज खोडायला ते आवश्यकच होते. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘मॅजिक’ चाचणीने दाखवले, की शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमो दिल्यास पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २३ वरून ३६ टक्क्यांवर जाते. २०१९ मध्ये जर्मनीच्या ‘फ्लॉट’ औषधयोजनेने ही मजल आणखी पुढे नेली. आधी केमो, मग डी-टू, पुन्हा केमो हा क्रम आता रुळला आहे.

उरली तिसरी वाट, पोटाच्या पोकळीतली. पोटातल्या अवयवांवरून आणि पोटाच्या भिंतीच्या आतून एक पातळ, ओलसर अस्तर फिरलेले असते. त्याला उदरावरण म्हणतात. जठराच्या भिंतीतून सुटलेल्या पेशी या अस्तरावर पडतात, आणि फडात उडालेल्या काँग्रेस गवताच्या बियांसारख्या जागोजाग उगवतात. आरंभी स्कॅनमध्येही त्या दिसत नाहीत. म्हणून मोठी शस्त्रक्रिया करण्याआधी दुर्बिणीतून पोटात डोकावले जाते. थोडे सलाइन आत सोडून ते परत खेचतात, आणि त्यात कर्करोगाच्या पेशी तरंगत आहेत का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खानोलकरांनी घालून दिलेली शिस्त इथे पुन्हा कामाला येते.

शिरेतून दिलेली केमो या अस्तरापर्यंत नीट पोहोचत नाही. मग औषध थेट पोटातच का सोडू नये, आणि सोडायचेच तर तापवून का नाही? १९८० मध्ये अमेरिकेत लुईव्हिल येथे जॉन स्प्रॅट यांनी एका रुग्णावर हा प्रयोग प्रथम केला. त्याच दशकात जपानच्या डॉक्टरांनी तो जठराच्या कर्करोगासाठी वापरला, आणि वॉशिंग्टनचे पॉल शुगरबेकर यांनी रोगट अस्तर सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेशी त्याची सांगड घातली.

ही प्रक्रिया शस्त्रक्रियागृहात पाहिली, म्हणजे तिला वेळ आणि माणसे किती लागतात ते कळते. आधी पोटाचे १३ भाग कल्पून प्रत्येक भागात रोग किती आहे याला शून्य ते तीन गुण दिले जातात. एकूण कमाल ३९. बेरीज फार झाली तर पुढे जाण्यात अर्थ नसतो. पुढे जायचे ठरले, तर डोळ्यांना दिसणारा रोग आधी पूर्ण काढावा लागतो, कारण औषध अस्तरात जेमतेम काही मिलिमीटरच झिरपते. त्यानंतर पोटात औषध आत नेणाऱ्या आणि बाहेर आणणाऱ्या नळ्या बसवतात. तापमान मोजणाऱ्या तारा वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवतात. पंप आणि तापक असलेले यंत्र सिस्प्लॅटिन किंवा मायटोमायसिनसारखे औषध मिसळलेला द्रव ४१ ते ४३ अंश सेल्सियसपर्यंत तापवून साधारण ६० ते ९० मिनिटे पोटातून खेळवत ठेवते. उष्णतेने कर्करोगाच्या पेशी दुबळ्या होतात आणि औषधाचा मारा वाढतो. रक्तात मात्र औषध कमी उतरते, हा त्यातला फायदा. सर्वांत दगदग भूलतज्ज्ञाची असते. आतून तापणाऱ्या शरीराचे तापमान हाताबाहेर जाऊ द्यायचे नाही, मूत्रपिंडांना जपायचे, लघवीच्या पिशवीवर सतत नजर ठेवायची. परिचारिका दुहेरी हातमोजे घालून वावरतात; सांडलेला थेंबही विषारी औषधाचा मानला जातो. पुढचे दिवस अतिदक्षता विभागात जातात. आतड्याची शिवण गळणे, रक्तातल्या पेशी घटणे, मूत्रपिंड थकणे हे धोके खरे आहेत.

भारतात गेल्या दीड-एक दशकात मोठ्या शहरांतील रुग्णालयांत ही पद्धत रुजत गेली. टाटातही उदरावरणाच्या रोगासाठी ती वापरली जाते. अंडाशयाच्या कर्करोगात २०१८ च्या डच चाचणीने तिचा लाभ दाखवला. रुग्णांच्या आयुष्याचा मध्यांक ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, फ्रान्सच्या २०२१ च्या चाचणीत, तसा फरक दिसला नाही. जठराबाबत उत्तर अजून पक्के झालेले नाही. नुसते दहा लिटर सलाइनने पोट धुतले तर पेशी वाहून जातील, ही भाबडी वाटणारी पण गंभीरपणे तपासलेली कल्पना आशियातील २२ रुग्णालयांत ८०० रुग्णांवर अजमावली गेली. २०२१ चा निष्कर्ष : फायदा नाही. जर्मनीच्या ‘गॅस्ट्रिपेक’ चाचणीत अस्तरावर रोग पोहोचलेल्या १०५ रुग्णांपैकी अर्ध्यांना शस्त्रक्रियेबरोबर गरम केमो दिली. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ३.५ वरून ७.१ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुष्य दोन्ही गटांत सारखेच राहिले, १४.९ महिने. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने ती चाचणी वेळेआधी थांबवावी लागली, हेही नोंदवले पाहिजे. जपान-चीनमधील काही अभ्यासांत, रोग अस्तरावर पोहोचण्याआधीच ही केमो दिल्यास पोटातला पुनरुद्भव घटल्याचे दिसले आहे. युरोपातून त्याला तितका ठाम दुजोरा मिळालेला नाही.

म्हणूनच जाहिरातींतून ‘गरम केमोने कॅन्सर समूळ नष्ट’ असे वाचून आलेल्या रुग्णाला शहाणा डॉक्टर आधी बसवून समजावतो. ही केमो कोणाला द्यायची हे शल्यविशारद, केमोतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून ठरवतात. नवे यंत्र आले म्हणून सर्वांना लावायचे नाही, आणि परदेशात चालले नाही म्हणून कोणालाच नाकारायचेही नाही. मोजून पाहायचे.

शस्त्रक्रियेच्या वेळी रोगाचा प्रसार रोखण्यावर या संस्थेने स्वतः केलेले काम याच रीतीचे आहे. तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ हाताला लागत नसली, तरी मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की वाट पाहावी, हा वाद दशकानुदशके चालला होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो मिटवला. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते; वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तंबाखूने पोखरलेल्या देशासाठी हा निकाल फार मोलाचा होता. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील अभ्यास तर थक्क करणारा आहे. स्तनाची गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी तिच्याभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे दातांचा डॉक्टरही वापरतो त्या बधिर करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन द्यायचे. देशातील ११ केंद्रांतील १,६०० स्त्रियांच्या या चाचणीत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास. महागड्या यंत्राच्या शेजारी हा शंभर रुपयांचा उपाय ठेवला, की संस्थेची वृत्ती लक्षात येते.

हे काम परळपुरते राहिले नाही. २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाळे स्थापन झाले. आज देशातील तीनशेहून अधिक केंद्रे त्यात आहेत आणि उपचारांचे समान निकष त्यातून ठरतात. वाराणसी, संगरूर, मुल्लानपूर, गुवाहाटी येथे टाटा सेंटरची रुग्णालये उभी राहिली वा जोडली गेली. कोरोनाच्या टाळेबंदीत बहुतेक ठिकाणी नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या. परळमध्ये २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यात एकही रुग्ण दगावला नाही. लोकल बंद असताना कामावर पोहोचलेले वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, परिचारिका या सर्वांचा त्यात वाटा आहे. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईबरोबर घडवलेल्या कार-टी पेशी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून रोगावर सोडण्याच्या पद्धतीला, मान्यता मिळाली.

मराठवाड्याच्या दृष्टीने २०१२ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. त्या वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. टाटाचे मार्गदर्शन त्याला मिळाले, आणि आज ते राज्य कर्करोग संस्था म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आली. २०१३ च्या अखेरीस ती हिंगोलीसह साऱ्या राज्यात लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून चालू आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार तिच्यात येऊ लागल्यावर एकेका आजारपणात शेत गहाण पडण्याचे प्रसंग कमी झाले. थांबले असे म्हणता येणार नाही, कारण मुंबईचा मुक्काम, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही.

आज नरसीच्या रुग्णाला प्रत्येक केमोसाठी परळ गाठावे लागत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय परळला, पुढचे उपचार संभाजीनगरला, अशी विभागणी शक्य झाली आहे. मुंबईची जनशताब्दी २०२४ पासून हिंगोलीहून सुटते, त्यामुळे निदान गाडी बदलण्याचा त्रास वाचला. खरी अडचण आधीच्या टप्प्यावर आहे. पित्ताच्या गोळ्या आणि पाचक चूर्ण यांवर महिने निघून जातात, आणि दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत रोग जठराची भिंत ओलांडून गेलेला असतो. त्या टप्प्यावर गरम केमोचाही फारसा उपयोग उरत नाही. जठरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू या रोगाचे मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९४ मध्येच त्याची कर्करोगकारक म्हणून नोंद केली आहे, आणि तो साध्या प्रतिजैविकांच्या कोर्सने जातो. तंबाखू आणि अति मीठ ही दुसरी कारणे. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, विनाकारण उतरणारे वजन, शौचास काळे होणे यांपैकी काहीही दिसले तर दुर्बिणीची तपासणी व्हायला हवी, आणि ती हिंगोलीतच व्हायला हवी. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे एक आहे. तिथल्या पहिल्या तुकड्यांतून बाहेर पडणारे डॉक्टर जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत बसतील तेव्हा टाटाकडे जाणारी चिठ्ठी वेळेत लिहिली जाईल, अशी अपेक्षा आहे.